भुजंगासन बायकांपर्यंत कसं आलं



भांगलणीचे दिवस होते तेव्हा आपल्या केंद्रावर एका बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, "ताई, दिवसभर वाकून वाकून कंबर धरते. संध्याकाळी सरळ उभं राहायचं म्हटलं तरी तोंडातून 'आई गं' निघतं. जाऊबाई म्हणतात, भुजंगासन कर, त्या करतात. पण आमच्या सासूबाई म्हणतात, बाईमाणसानं पालथं पडून छाती वर काढायची, हे काय आपल्यातलं आहे का? तुम्ही सांगा, कसं करायचं ते. आणि आपल्यातलं आहे की नाही, तेही सांगा."

कसं करायचं, हे पाच मिनिटांत सांगता येतं आणि मी शेवटी सांगणारच आहे. पण सासूबाईंच्या प्रश्नानं मला महिनाभर पुस्तकं चाळायला लावली. सासूबाई काही चुकीचं विचारत नव्हत्या. आपल्या आज्यांनी हे आसन केल्याचं आपल्यापैकी किती जणींना आठवतं? मग ते आलं कुठून, आणि आपल्या घरात कधी शिरलं?

त्याआधी एक करा. काल दिवसभरात तुम्ही पुढे किती वेळा वाकलात, ते आठवा. केर काढला, सडा घातला, चुलीपुढे बसलात, भाकरी थापल्या, धुणं धुतलं, शेण गोळा केलं, खुरपं हातात घेतलं, पोराला उचललं. आता मागे किती वेळा वाकलात ते आठवा. दोरीवर धुणं टाकताना थोडी मान वर गेली असेल, तेवढंच. बाईच्या कामात मागे वाकणं नाहीच. पाठीची ही बाजू वर्षानुवर्षं एकाच अंगाला ताणली जाते आणि मग चाळिशीतच कंबरेवर हात जातो.

आता जुनी पुस्तकं काय म्हणतात ते बघू. हठयोगप्रदीपिका हा ग्रंथ साधारण पंधराव्या शतकातला, स्वात्मारामांचा. त्यात पंधरा आसनं सांगितली आहेत. मी मोठ्या आशेनं उघडला आणि काय सापडलं? पाठीला मागे कमान देणारं आसन त्यात जवळजवळ नाहीच. धनुरासन आहे, पण ते आपण आज करतो ते नव्हे. पायाचे अंगठे धरून धनुष्याची दोरी ओढावी तसे कानापर्यंत ओढायचे, असं ते आहे. भुजंगासनाचं नाव नाही.

ते सापडतं घेरंडसंहितेत. हा ग्रंथ बराच नंतरचा, सतराव्या-अठराव्या शतकातला. यात बत्तीस आसनं आहेत आणि त्यात भुजंग आहे, शलभ आहे, उष्ट्र आहे. भुजंगासनाचं वर्णन अगदी थोडक्यात आहे, पण नेमकं आहे: बेंबीपासून पायाच्या बोटांपर्यंतचा भाग जमिनीवर टेकलेला, तळहात जमिनीवर, आणि डोकं सापासारखं वर उचललेलं. फायदा सांगितला आहे तो पोटातला अग्नी वाढतो, रोग जातात आणि कुंडलिनी जागी होते, असा. हा सगळा उपदेश एका साधकाला गुरूनं केलेला आहे. संसारातली बाई, तिची कंबर, तिची बाळंतपणं यांचा विषयच नाही. त्यामुळे सासूबाईंचं अर्धं म्हणणं खरं. हे आसन मठातलं होतं, माजघरातलं नव्हतं.

पण मैत्रिणींनो, पाठीची कमान करणारी बाई आपल्या गावांनी पाहिलेलीच नव्हती, असं नाही. ती चावडीपुढच्या मोकळ्या जागेत पाहिली होती. ढोलकं वाजायचं, माणसं गोल करून उभी राहायची आणि डोंबाऱ्याची पोर मागच्या मागे वाकून हात जमिनीला टेकवायची. कोल्हाटी, डोंबारी यांच्या मुलींना चालता येऊ लागलं की हे शिकवलं जायचं, कारण त्यावर घराची चूल पेटायची. आपण पोरांना 'कोलांटी उडी' शिकवतो ना, जुन्या शब्दकोशांत ती 'कोल्हांटी उडी' अशीच दिसते. म्हणजे शब्दसुद्धा आपण त्यांच्याकडूनच घेतला आणि मग कुणाचा ते विसरलो. हे अंग, ही लवचीकता, हे कसब पिढ्यान् पिढ्या आई मुलीला देत होती. त्याचं पुस्तक कुणी लिहिलं नाही. उलट झालं असं, की बाईनं मागे वाकणं म्हणजे डोंबाऱ्याचा खेळ, चारचौघांत करायची गोष्ट नव्हे, हे आपल्या मनात पक्कं बसलं. सासूबाईंच्या 'आपल्यातलं आहे का' या शब्दांत मला तो जुना भेद ऐकू आला. त्यांना दोष देत नाही. मला लहानपणी घरी हेच ऐकवलं होतं.

मग बदललं केव्हा? तर साधारण शंभर वर्षांपूर्वी, आणि त्यातलं एक ठिकाण आपल्या अगदी शेजारचं आहे. औंध. यमाईचं औंध.

औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८चा. चित्रकार माणूस, कीर्तनाची आवड, आणि व्यायामाचं वेड. तरुणपणी त्यांनी विलायती पद्धतीचा व्यायाम केला. सँडो नावाच्या प्रसिद्ध पैलवानाची साधनं घेऊन वर्षानुवर्षं करत होते. मग मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि पुढे आयुष्यभर तेच धरून बसले. नमस्काराची एक ठरीव पद्धत त्यांनी बसवली, त्यावर पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली, आणि संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सक्तीचे केले. मुलांना, आणि मुलींनाही. स्वतः राजेसाहेब घालत, राणीसाहेब घालत, त्यांची लेकरं घालत. १९३८ साली त्यांच्या पद्धतीवरचं इंग्रजी पुस्तक लंडनमधून निघालं, लुईझ मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईंनी ते तयार केलं होतं.

आता नमस्कार आठवा. आठ अंगं जमिनीला टेकली की पुढच्या स्थितीत काय करतो? छाती पुढे, डोकं मागे, पाठीला कमान. म्हणजे भुजंगासनाचाच भाऊ. योगासन म्हणून नव्हे, तर शाळेतली कवायत म्हणून ही कमान आपल्या भागातल्या मुलींच्या पाठीला पहिल्यांदा मिळाली. माझी आजी औंध संस्थानातल्या शाळेत चौथीपर्यंत होती. ती सांगायची, सकाळी पोरी एका ओळीत उभ्या राहायच्या, परकराचा ओचा खोचून नमस्कार घालायच्या, आणि ज्या पोरीचं पोट जमिनीला टेकायचं तिला बाई पुन्हा घालायला लावायच्या. मी एकदा विचारलं, "मग सोडलेस का गं?" ती म्हणाली, "सोडले कुठं? लग्न झालं." सासरी धाकटी सून म्हणून पहाटे जात्यावर बसायची. नमस्कार घालायला जागा होती ती अंगणात, आणि अंगणात सासरे असायचे. साठाव्या वर्षी आजीची पाठ कमानीसारखीच झाली होती, पण उलट्या दिशेनं.

त्याच सुमाराला लोणावळ्यात वेगळं काम चाललं होतं. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली तिथं कैवल्यधाम सुरू केलं. हे मूळचे बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले, आणि योग शिकले माळसरच्या माधवदास महाराजांकडे. त्यांच्या डोक्यात एकच होतं: आसनांनी अमुक होतं, तमुक होतं असं परंपरा सांगते, तर ते तपासून बघू. बडोद्याच्या दवाखान्यात त्यांनी क्ष-किरणाखाली योगक्रिया करून दाखवून शरीरात आत काय घडतं ते पाहायला सुरुवात केली होती. लोणावळ्याला प्रयोगशाळाच काढली आणि 'योगमीमांसा' नावाचं त्रैमासिक चालवलं. १९३१ साली त्यांचं आसनांवरचं पुस्तक आलं.

त्यातलं भुजंगासन मला सगळ्यांत जास्त आवडतं, म्हणून जरा थांबून सांगते. ते म्हणतात, एकदम वर उसळायचं नाही. आधी डोकं उचला. मग मान. मग मणक्यामागून मणका, सावकाश, असा की वाकण्याचा ताण एकेका मणक्यावरून खाली सरकत कंबरेपर्यंत पोचलेला तुम्हाला जाणवला पाहिजे. उतरताना तसंच उलट. माळेतले मणी एकेक करून ओढावेत तसं. घेरंडांच्या ग्रंथात जे दोन ओळींत होतं, त्याला इथं शिकवता येईल असं रूप आलं. कुंडलिनी राहिली बाजूला, मणका आणि स्नायू पुढे आले. यामुळेच हे आसन मठातून बाहेर पडलं, असं मला वाटतं. ज्याला मोक्ष नको, नुसती पाठ बरी हवी, त्यालाही आता दार उघडं झालं.

पण 'त्याला' म्हणजे पुरुषालाच. बायकांचं काय? मुंबईत योगेंद्रजींनी १९१८ साली योग संस्था काढली होती, ती आज सांताक्रूझला आहे. त्यांच्या पत्नी सीतादेवी. त्यांनी १९३४ साली बायकांसाठी योगाच्या व्यायामाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं. नीट ऐका, १९३४. बाईनं बायकांसाठी लिहिलेलं योगाचं पुस्तक, आणि तेही विशी-बाविशीतल्या मुलीनं. घर, मूल, पाहुणे सांभाळून, सोपी आसनं, थोडा वेळ, जोर नको, असा त्यांचा सगळा सूर. शाळेच्या पुस्तकांत सीतादेवींचं नाव यायला हवं होतं.

आणि मग पुण्याचे अय्यंगार गुरुजी. त्यांची गोष्ट तर बायकांपासूनच सुरू होते. बी. के. एस. अय्यंगार म्हैसूरला कृष्णमाचार्यांकडे शिकत होते. १९३६ साली गुरूंबरोबर उत्तर कर्नाटकात प्रात्यक्षिकं दाखवत फिरत असताना काही बायकांनी आम्हालाही शिकवा म्हणून मागणी केली. बायकांना शिकवायला पाठवायचं कुणाला? सगळ्यांत लहान शिष्याला. हे तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे. म्हणजे ज्यांनी पुढे जगभर योग नेला, त्यांना शिक्षक केलं ते त्या बायकांच्या मागणीनं. पुढच्याच वर्षी, १९३७मध्ये, ते पुण्याला सहा महिन्यांसाठी शिकवायला आले. मराठी येत नव्हतं, खिशात पैसे नव्हते. सहा महिन्यांचे सत्त्याहत्तर वर्षं झाली, ते २०१४ साली पुण्यातच वारले.

त्यांच्या कमानी बघून छाती दडपते. 'लाइट ऑन योगा' या १९६६च्या पुस्तकातले फोटो बघा, माणूस आहे की वेताची छडी असं वाटतं. पण त्यांचं आपल्या कामाचं देणं दुसरंच आहे. ज्याला वाकता येत नाही, त्याला खुर्ची द्या, बाक द्या, लोड द्या, दोरी द्या. आसनाला शरीर जुळत नसेल तर आधार घेऊन आसन शरीराजवळ आणा. त्यांची मुलगी गीता अय्यंगार, जन्म १९४४, लहानपणी मूत्रपिंडाच्या आजारानं फार आजारी होती, योगाकडे ती त्या दुखण्यातून वळली. पुढे १९८३मध्ये तिनं बायकांसाठी योगाचं जाडजूड पुस्तक लिहिलं. पाळीच्या दिवसांत काय करायचं, गरोदरपणात काय टाळायचं, बाळंतपणानंतर कधी सुरू करायचं, हे त्यात मोकळेपणानं आलं. घेरंडांपासून तिथपर्यंत यायला इतकी वर्षं लागली.

एक गंमत सांगते आणि मग चटईवर येऊ. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेंझी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठ आणि पाय दुखणारा एक रुग्ण आला. त्याला पालथं झोपायला सांगून मॅकेंझी दुसरीकडे गेले. टेबलाचं डोक्याकडचं टोक आधीच वर उचललेलं राहिलं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. रुग्ण तसाच पाठ मागे वाकवून पडून राहिला. मॅकेंझी परत आले आणि घाबरले, तर रुग्ण म्हणाला, कित्येक आठवड्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं! त्यातून त्यांची व्यायामपद्धती उभी राहिली. आज दवाखान्यात फिजिओ आपल्याला पालथं झोपवून हातांवर छाती उचलायला सांगतात, तो व्यायाम आपल्या भुजंगासनासारखाच दिसतो. फक्त तिथं आपण तो निमूट करतो, कारण कागदावर लिहून दिलेला असतो.

आता उठा, सतरंजी घ्या. गादीवर नको, कंबर खचते. पोट रिकामं हवं, जेवणानंतर तीन-चार तास तरी. साडी असेल तर काष्टा घाला, नाहीतर सलवार बरी.

पालथ्या झोपा. कपाळ जमिनीला. पाय मागे सरळ, पावलांची वरची बाजू जमिनीवर. पाय जुळवून कंबर दुखत असेल तर टीचभर फाकवा, काही बिघडत नाही. तळहात छातीच्या दोन्ही बाजूंना, खांद्याखाली, कोपरं अंगाला लागून. आता श्वास घेत आधी हनुवटी पुढे सरकवा, मग डोकं, मान, मग छाती उचला. कुवलयानंदांचा मणक्यामागून मणका आठवा. बेंबीच्या जरा वरपर्यंतच उठा, बेंबी जमिनीलाच राहू द्या. कोपरं थोडी वाकलेली. खांदे कानाशी चिकटले असतील तर खाली सोडा. मान मागे फेकू नका, समोर आणि किंचित वर बघा.

आता परीक्षा. तळहात जमिनीपासून बोटभर उचला. छाती जागच्या जागी राहिली तर काम पाठ करते आहे. धपकन खाली आलात तर हातच करत होते, तेव्हा थोडं कमी उठा. तीन ते पाच श्वास थांबा, श्वास कोंडू नका. मग श्वास सोडत उलट क्रमानं, छाती, हनुवटी, कपाळ असं खाली या. गाल जमिनीला टेकवून पडून राहा, घाईनं पुन्हा उठायचं नाही. असं तीन वेळा. शेवटी गुडघ्यांवर बसून कपाळ पुढे जमिनीला टेकवा, पाठ सैल पडू द्या.

इतकंही जमत नसेल तर हातांऐवजी कोपरांवर उठा. नाहीतर छातीखाली गोधडीची वळकटी ठेवून नुसत्या पडून राहा, दोन मिनिटं. आणि शेतात असाल तर बांधावर उभ्या राहा, दोन्ही तळवे कंबरेवर मागून टेकवा आणि सावकाश पाच वेळा मागे झुका. खुरपं खाली ठेवलं की हे करायचं, दर तासाला. आपल्यासाठी हेच सगळ्यांत उपयोगाचं.

यानं काय होतं? कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू बळकट होतात, आवळलेली छाती उघडते, श्वास मोकळा येतो, पुढे वाकून ताठलेली पाठ सैल होते. इतकं मी खात्रीनं सांगते. गर्भाशयाचे विकार जातात, थायरॉईड बरा होतो, असं बऱ्याच पुस्तकांत छापलेलं असतं. ते मी सांगणार नाही. गोळी चालू असेल तर ती चालूच ठेवा.

कुणी करू नये, हेही ऐका. गरोदर बायकांनी नाही. सिझर किंवा पोटाचं दुसरं ऑपरेशन झालं असेल, हर्निया असेल, पोटात अल्सर असेल, हाडं ठिसूळ झाली असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पाळीच्या दिवसांत जोराची कमान नको. आसन करताना कळ कंबरेतून पायात उतरत गेली, मुंग्या वाढल्या, तर लगेच थांबा. आणि काही म्हाताऱ्या बायांना चालताना पाय भरून येतात, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. त्यांना हे आसन बाधतं, त्यांना आग्रह करू नका. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला किंवा पाय लुळा पडू लागला, तर आसन नाही आणि घरगुती तेलही नाही, त्याच दिवशी मोठा दवाखाना.

फोन करणाऱ्या बाई ऐकत असतील तर त्यांच्यासाठी: तुमच्या सासूबाईंचं माहेर औंधकडचं आहे का, तेवढं विचारून बघा. आणि त्यांना शाळेतले नमस्कार आठवत असतील तर मला कळवा, मला ते लिहून घ्यायचे आहेत.

पावसामुळे जमीन ओली असेल तर खाली पोतं टाका, त्यावर सतरंजी. पुढच्या गुरुवारी याच वेळेला शलभासन घेऊ. नमस्कार.